चांद्याच्या रानातील बंदूक आणि निवडीचा प्रश्न

इंग्रजी शिकारसाहित्यात निबंधाचा एक छोटा पण चिवट प्रकार आढळतो. लेखक आपली आवडती रायफल कोणती ते सांगतो, तीच का आणि दुसरी का नव्हे याचा ऊहापोह करतो, आणि त्या निमित्ताने आपल्या आयुष्याचा बराचसा भाग वाचकापुढे उलगडून ठेवतो. जिम कॉर्बेटच्या वाचकाला त्याची पॉइंट २७५ची रिग्बी ओळखीची असते; चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली ती त्याला भेट मिळाली होती. केनेथ अँडरसन आणि त्याची पॉइंट ४०५ विंचेस्टर ही जोडीही अशीच अतूट. अमेरिकेत तर हा निबंध शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत पोचलेला आहे. तेथे चर्चा वाघ मारणाऱ्या रायफलीची नसते, पॉइंट २२च्या आपली आपण भरणाऱ्या हलक्या रायफलीची असते: नळीत गोळ्या भरायची बरी की फिरत्या पेटीची, बापाची जुनी बरी की दुकानातली नवी.

मराठीत हा निबंध नाही. शिकारकथा आहेत, भानू शिरधनकरांसारखे त्या लेखनाला वाहिलेले लेखक आहेत, व्यंकटेश माडगूळकरांसारखा तोलामोलाचा कथाकार हाती बंदूक घेऊन रानात हिंडलेला आहे. परंतु ‘माझी आवडती रायफल’ या विषयाला मराठी गद्याने हृदयाशी धरल्याचे दिसत नाही. आपल्याकडे दारिद्र्य होते, किंवा आपला मध्यमवर्ग शाकाहारी होता, अशी उत्तरे यावर चटकन सुचतात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. आवडती वस्तू निवडण्यासाठी आधी दोन वस्तू समोर ठेवलेल्या असाव्या लागतात. बंदुकीच्या बाबतीत आपल्या समोर काय ठेवलेले होते आणि ते कोणी ठेवले होते, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, जितका स्पष्ट दिसतो तितका महाराष्ट्रात अन्यत्र दिसत नाही असे आमचे मत आहे.

या प्रदेशाची स्थापनाकथाच मुळी शिकारीची आहे. बल्लारपूरच्या वर्धाकाठच्या किल्ल्यातून राज्य करणारा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला निघाला. झरपट नदीच्या काठी पाणी प्याला आणि त्याचे अंग व्याधीमुक्त झाले. पुढे त्याच परिसरात त्याने एक अजब दृश्य पाहिले: ससा पुढे आणि कुत्रा मागे असे नसून कुत्रा पुढे आणि ससा त्याच्या पाठीवर. ज्या भूमीत ससा कुत्र्याला पळवतो ती भूमी वीरप्रसू, असे राणीने म्हटले आणि तेथे चंद्रपूरचा कोट उभा राहिला. ससाकुत्र्याची ही कथा दक्षिणेतल्या आणखी काही नगरांच्या नावेही सांगितली जाते, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. या कथेत बंदूक नाही, कुत्रे आहे. आणि सावजाने उलटून पारध करणाऱ्याच्या मागे लागणे हा तिचा गाभा आहे.

येथे शब्दांकडे थोडे पाहावे. मराठीत त्या एका कृतीला दोन शब्द आहेत: पारध आणि शिकार. ‘पारध’ला व्युत्पत्तिकार प्राकृतातील ‘पारद्धि’ आणि तिच्यामागच्या संस्कृत ‘पापर्द्धि’शी जोडतात, ‘शिकार’ फारसीतून दरबाराबरोबर आली. पारध पोटासाठी आणि शिकार शौकासाठी, असा अर्थभेद कोशात नसला तरी वापरात आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची पुढे जी अंमलबजावणी झाली, तिच्यात पारधी समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. शिकारीला निघालेल्या साहेबावर तसा शिक्का बसण्याचा प्रश्नच नव्हता. बंदुकीचे शब्द तर जवळजवळ सारेच पाहुणे. ‘बंदूक’ अरबीतून, ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांकडून, ‘रायफल’ इंग्रजांकडून. मात्र बंदूक भरण्याउडवण्याची क्रिया आपण आपल्या शब्दांत मुरवून घेतली. फुसका बार, ठासून भरणे, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे. हे वाक्प्रचार नीट पाहिले तर बहुतेक तोंडाकडून भरायच्या, गजाने ठासायच्या बंदुकीच्या काळाशी जुळणारे आहेत. काडतूस आले त्यानंतर भाषेने फारसे काही उचलले नाही. ‘जिवंत काडतूस’ हा प्रयोग आहे, पण तो पोलिसांच्या पंचनाम्यातून वर्तमानपत्रात आणि तेथून आपल्याकडे आलेला. लोकांच्या हातातली बंदूक कोणत्या पायरीवर थांबली हे भाषेनेच असे नोंदवून ठेवले आहे.

ती का थांबली, हे समजण्यासाठी १८५८कडे जावे लागते. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आला. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी मार्च १८५८मध्ये गोंड आणि रोहिले यांची फौज उभी करून राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. कॅप्टन क्रिक्टन हा तेव्हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता. नांदगाव-घोसरीजवळ चकमक झाली. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुडीच्या तळावर गार्टलंड आणि हॉल हे तारखात्याचे दोन गोरे मारले गेले. शेवटी अहेरीच्या जमीनदारीनेच शेडमाक्यांना इंग्रजांच्या हवाली केले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. शेडमाके आज या भागात दैवतासारखे पुजले जातात. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे वीस वर्षांतले कागद. उठावानंतर लोकांना निःशस्त्र करण्याचे जे धोरण सुरू झाले त्याची परिणती १८७८च्या शस्त्र कायद्यात झाली. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला आणि युरोपीयांना त्यातून सूट राहिली. त्याच १८७८ साली भारतीय वन कायदाही झाला. एकाच वर्षी एका कायद्याने रान राखीव झाले आणि दुसऱ्याने बंदूक. माडिया आणि गोंडांच्या वाट्याला दोन्हीकडून फक्त कुंपण आले.

याच काळात मध्य प्रांतात दुसऱ्या बाजूने काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तक १८७१ साली निघाले आणि ते आजही वाचले जाते. त्याच फोर्सिथने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर त्याआधी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिलेला होता, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. नळीत आटे किती असावेत, दारूचे माप किती, वाघाला कोणती गोळी आणि गव्याला कोणती, याची चिकित्सा करणारा माणूस आणि या रानात साग किती, साल किती, कोणती जमात कुठे राहते याची नोंद करणारा माणूस एकच. निवडीचा निबंध जन्माला येतो तो अशा ठिकाणी. पुढे डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याने १९२३ साली मध्य भारतातील वन्य प्राण्यांवर जे सुंदर पुस्तक लिहिले, त्यात प्राण्यांच्या सवयींचे निरीक्षण शिकारीपेक्षा वरचढ ठरते. त्याला मोठे मानावे असे आम्हांला वाटते. तथापि तोही बंदुकीच्या याच बाजूचा माणूस होता. महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले. त्यातले कितीतरी सरकारी बक्षिसासाठी मारले गेले.

आता त्या पॉइंट २२च्या रायफलीकडे वळू. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी पुढील दोन परिच्छेद कंटाळा न करता वाचावेत, कारण कायद्याचा सारा खेळ या यंत्रात दडलेला आहे.

काडतुसात दारू पेटवण्यासाठी एक स्फोटक ठिणगी लागते. मोठ्या काडतुसात ती बुडाच्या मध्यभागी एका टोपीत असते. लहान काडतुसात ती बुडाच्या पातळ, आतून पोकळ कडेतच पसरलेली असते. बंदुकीचा खिळा कडेवर आपटला की ती पेटते. म्हणून त्याला रिमफायर म्हणायचे. १८४५च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेरने ही कल्पना काढली, १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी पॉइंट २२चे छोटे काडतूस बाजारात आणले आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीचे ‘लाँग रायफल’ काडतूस आले, तेच आजतागायत जगभर चालते. कड पातळ असल्यामुळे त्यात फार दाब सोसत नाही. म्हणून गोळी हलकी, साधारण अडीच ग्रॅमची, आवाज कमी, धक्का नाहीसा आणि किंमत स्वस्त. मात्र रिकामे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. भरमारवाल्याला दारू आणि छर्रे कुठूनही जमवता येतात. पॉइंट २२वाला कायमचा दुकानदाराच्या दारी बांधलेला राहतो.

हा दाब कमी असल्यामुळेच एक गोष्ट सोपी झाली. गोळी पुढे जाताना जो धक्का मागे येतो त्यानेच जड लोखंडी ठोकळा मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो, स्प्रिंगच्या जोराने परत येताना नवे आत ढकलतो. चाप पुन्हा ओढा, पुन्हा बार. अशी पहिली यशस्वी रायफल विंचेस्टर कंपनीने १९०३ साली काढली. दहा काडतुसे तिच्या दस्त्यात भरली जात. जुन्या काळ्या दारूच्या काडतुसांनी तिचे यंत्र काजळून बंद पडले असते, म्हणून कंपनीने तिच्यासाठी वेगळेच काडतूस बनवले. पुढे ब्राउनिंगची दोन तुकड्यांत सुटणारी आली, १९६०मध्ये मार्लिनची आणि १९६४मध्ये रूगरची, फिरत्या पेटीत दहा गोळ्या घेणारी. अमेरिकेतले आवडीनिवडीचे सारे वाद या तीनचार नावांभोवती फिरतात. ससे, खारी, रिकामे डबे आणि बापलेकांच्या सुट्ट्या हा त्या वादांचा परिसर. त्याला हसण्याचे कारण नाही. हातात येणाऱ्या अवजाराविषयीचे प्रेम हा गद्याचा चांगला विषय आहे. आपल्याकडे विळ्याकोयत्यावर, पाभरीवर असे गद्य लिहिले गेले आहेच.

चांद्याच्या रानात ही रायफल कुणाच्या हाती शोभली असती? मालगुजाराच्या. तितर, हरियल, रानकोंबडी, ससा यांच्यासाठी ती नेमकी. १९२९ साली बल्लारशाह-काझीपेठ हा रेल्वेमार्ग पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास गाडी या रानाच्या काठाने धावू लागली; त्यानंतर बाहेरच्या शिकाऱ्यांना येथे पोचणे सोपे झाले. वनखात्याचे शिकारीचे ब्लॉक ठरावीक दिवसांसाठी मिळत. मचाण बांधणारे, हाका घालणारे, वाघाच्या माऱ्यावर नजर ठेवणारे लोक गावचे, बंदूक पाहुण्याची. हाका घालणाऱ्याला रोजी मिळे, कधी मांसाचा वाटा मिळे. रायफल हाताळायला मिळे ती पाहुण्याच्या मागे चालताना, खांद्यावर वाहून नेण्यापुरती. दुसऱ्याची बंदूक आपल्या खांद्यावर, असा त्या वाक्प्रचाराचा एक अगदी शब्दशः अर्थ या रानात होता.

स्वातंत्र्य येताना हे बदलावे अशी मागणी झालेली होती, याचा आज आपल्याला विसर पडला आहे. शस्त्र कायदा सैल करा असे ठराव काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांत केले. १९३१च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. घटनासमितीत डिसेंबर १९४८मध्ये हरी विष्णू कामत यांनी नेमकी ही दुरुस्ती मांडली. आणि हे कामत मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून गेलेले सभासद होते. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट सर्वांना देता येणार नाही, शस्त्रांवर अंकुश ठेवणे राज्याला भागच आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आमचे मत विचाराल तर आंबेडकरांचे उत्तर योग्य होते. बंदुका सर्वांना खुल्या झाल्या असत्या तर त्या प्रथम कुणाच्या हाती गेल्या असत्या आणि कुणावर रोखल्या गेल्या असत्या, हे त्यांना कामतांपेक्षा अधिक नेमके ठाऊक होते. पण त्या निर्णयाने परवान्याची चौकट कायम राहिली हेही खरे.

१९५९ साली नवा शस्त्र कायदा आला, १९६२ साली त्याचे नियम आले. कायद्याच्या तेराव्या कलमात दोन बंदुकांना विशेष ममतेने वागवले आहे: संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायची बंदूक. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी मागणी असेल तर शेतकऱ्याला परवाना मिळायचा तो भरमारीचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, माणूस अंतराळात गेल्यावरही, भारतीय शेतकऱ्याचे अधिकृत शस्त्र गजाने ठासायचे होते. या पीकसंरक्षक बंदुकांनी रान रिकामे केले अशी तक्रार ई. पी. जी यांच्यासारखे निसर्गप्रेमी त्या काळी करीत. तीत तथ्य होते, मात्र जीपगाडी आणि प्रखर दिवा घेऊन रात्री निघणाऱ्या शहरी शिकाऱ्याचा वाटा तीत दुय्यम ठरवला जाई असे वाटते.

आणि आमची पॉइंट २२? नियमांच्या पहिल्या परिशिष्टात शस्त्रांचे वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गाच्या एका उपवर्गात, कमी वेगाची रिमफायर काडतुसे वापरणारी पॉइंट २२ची रायफल छर्ऱ्याच्या बंदुकीच्या आणि हवेच्या रायफलीच्या शेजारी निमूट बसलेली आहे. पण तेच काडतूस, तीच गोळी, तोच वेग असलेली रायफल जर आपली आपण भरणारी असेल, तर ती अर्धस्वयंचलित शस्त्र म्हणून उडी मारून थेट पहिल्या वर्गात जाते. अपवाद फक्त पिस्तुलांचा. अमेरिकेत ज्या वस्तूवर बाप लेकाला नेम शिकवतो तीच वस्तू येथे जिल्हाधिकाऱ्याच्या हातातही नसलेल्या परवानगीची होते. हातात खटका ओढून एकेक गोळी आत सारायची, तर तुम्ही शिकारी. ठोकळा आपोआप मागेपुढे झाला, तर तुम्ही राज्याच्या चिंतेचा विषय. ‘आवडती’ निवडण्याचा प्रश्न येथेच संपला. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची आयात सामान्य नागरिकांसाठी बंद झाली, आणि जुन्या चेक बनावटीच्या ब्रनो रायफली वंशपरंपरेच्या दागिन्यांसारख्या जपल्या जाऊ लागल्या. उरलेल्यांसाठी सरकारी कारखान्यांची पॉइंट २२ आणि पॉइंट ३१५ होती. ज्या चांद्यात रायफल निवडता येत नव्हती, त्याच चांद्यात भद्रावतीला सैन्यासाठी दारूगोळा भरणारा आयुध कारखाना उभा आहे. पण तो वेगळा विषय.

दरम्यान शिकारच गेली. ताडोब्यात शिकारबंदी १९३५ सालीच झाली होती, १९५५मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हा चांदा मध्य प्रदेशात होता, हे अलीकडच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. १९७०मध्ये वाघाची शिकार देशभर थांबली आणि १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याचे चौतिसावे कलम आमच्या विषयाशी थेट भिडते. अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक बंदूक-परवानाधारकाने आपले नाव नोंदवावे, आणि तेवढ्या परिघात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देऊ नये. ताडोबा, अंधारी, चपराळा, भामरागड यांभोवती दहा किलोमीटरची वर्तुळे काढून पाहा, म्हणजे या दोन जिल्ह्यांच्या नकाशाचा केवढा भाग त्यात येतो ते दिसेल.

मराठी वाङ्मयात याच सुमारास जे घडले ते आपल्याला ठाऊक आहे. माडगूळकरांनी शिकार सोडली. त्यांचे ‘नागझिरा’ १९७९ साली आले, ‘सत्तांतर’ १९८२ साली. वानरांच्या टोळ्यांवरील ती लघुकादंबरी कुण्या मचाणावरून लिहिता आली नसती; तिला झाडाखाली तासन्‌तास रिकाम्या हाताने बसलेला माणूस हवा होता. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत विदर्भाच्या रानांचे, पाखरांचे आणि आदिवासींच्या शब्दांचे जे भांडार मराठीत आणले, त्यातही बंदूक पार्श्वभूमीला गेलेली आहे. इंग्रजीत शिकारकथेतून निसर्गलेखन हळूहळू, अनेक पिढ्यांत निघाले. मराठीत ते एकाच पिढीत, कित्येकदा एकाच लेखकात निघाले. त्यामुळे आवडत्या रायफलीवर लिहिण्याची वेळ येण्याआधीच हातात दुर्बीण आली. वाङ्मयाचा यात तोटा झाला नाही. शेतकऱ्याचा झाला की नाही, हा प्रश्न मात्र वाङ्मयाने विचारला नाही, आणि ही आमच्या निसर्गलेखनातली खरी उणीव आहे.

कारण शेत तेथेच होते आणि डुक्करही. धानाच्या बांध्यांत रानडुकरांचा कळप एका रात्रीत जे करतो ते ज्याने सकाळी पाहिले आहे त्याला ‘पीकसंरक्षण’ हा शब्द सरकारी वाटत नाही. भरमारी गेल्या. गडचिरोलीत १९८०पासून नक्षलवादी चळवळ शिरली, त्यानंतर तर गावात बंदूक असणे दोन्ही बाजूंच्या नजरेत संशयाचे झाले. ग्रामस्थांनी भरमार बंदुका पोलीस ठाण्यात आणून जमा केल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत वारंवार आल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये साठएक माओवाद्यांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, त्या वेळी वर्तमानपत्रांनी छापलेली चित्रे मोठ्या रायफलींची होती. भरमार अशा चित्रात सहसा कोपऱ्यात असते. बंदूक गेली तेथे विजेची तार आली. डुकरासाठी शेतात सोडलेल्या तारेला कधी वाघ चिकटतो, कधी शेजारचा माणूस. एप्रिल २०१७मध्ये नागभीड तालुक्यात ‘जय’ या विख्यात वाघाचा पुत्र ‘श्रीनिवास’ असाच मेला. बंदूक निदान नेम धरते. तार कुणालाच ओळखत नाही.

२०१५ साली राज्य सरकारने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना मारण्याच्या परवानगीची पद्धत सोपी केली. पुढच्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात अशा परवानगीने डुकरे मारली गेली, तेव्हा त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली. दिल्लीत करुणेवर वाद झाला. बंदूक चालवायला बाहेरून नेमबाज आणावे लागले, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. दीडशे वर्षे परवाना नाकारत आलेल्या जिल्ह्यात परवानगी मिळाली तेव्हा हात उरला नव्हता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या परिसरात ‘टी-१’ वाघीण मारली गेली, तो प्रसंगही याच धाग्याचा. भुलीचे इंजेक्शन आधी की गोळी आधी यावर तेव्हा जो वाद माजला, त्यात शस्त्रांची चर्चा मराठी वर्तमानपत्रांनी प्रथमच बारकाईने केली. भूल देण्याच्या काही बंदुका पॉइंट २२च्या गोळीविना कोऱ्या काडतुसाच्या जोरावर बाण फेकतात, तर काही दाबलेल्या वायूवर चालतात. रिमफायर अशा रीतीने या रानात मारण्यासाठी नव्हे तर निजवण्यासाठी कामी येऊ शकते.

निवडीचा हक्क महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने ज्यांना मिळाला ते खेळाडू. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. दोन्ही ठिकाणी काडतूस तेच, पॉइंट २२ लाँग रायफल. मात्र या रायफलीत नियमानेच एका वेळी एकच गोळी घालायची असते. आपली आपण भरणारी रिमफायर पाहायची तर राही सरनोबत यांच्याकडे पाहावे लागते: २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ज्या पंचवीस मीटर प्रकारात त्यांनी सुवर्णपदक मिळवले, त्यातले शस्त्र पॉइंट २२चे अर्धस्वयंचलित पिस्तूल असते. परिशिष्टातला तो पिस्तुलांचा अपवाद असा सोन्याला लागला. दस्ता आपल्या मुठीच्या मापाने कोरून घेणे, चापाचे वजन ग्रॅममध्ये ठरवणे, काडतुसांची एकेक खेप तपासून आपल्या नळीला मानवणारी निवडणे, हे सारे या खेळाडू करतात. ‘माझी आवडती’ हा मराठी निबंध कुणी लिहिलाच तर तो कोल्हापुरातून येईल.

विदर्भातल्या जुन्या घरांपुढे मात्र निवड उलट्या दिशेने आली. एका परवान्यावर तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९च्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आणली आणि तिसरे शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यास सांगितले. मूळ विधेयकात तर एकच ठेवण्याचा प्रस्ताव होता. मालगुजारी १९५१ साली गेली, शिकार गेली, निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात नेऊन ठेवायची आणि नंतर आणायची एवढाच तिचा प्रवास उरला होता. ज्या घरी आजोबांची बाराबोअर दुनळी, वडिलांची पॉइंट ३१५ आणि मुलांना नेम शिकवण्यासाठी घेतलेली पॉइंट २२ अशी तीन होती, त्या घरी कोणती ठेवायची हे प्रथमच ठरवावे लागले. राखणीला दुनळी उपयोगी, वडिलांची देववत नाही. वजनाने आणि किमतीने हलकी तीच जाणार, हे ओघाने येते.

कॉलेजातल्या मुलामुलींच्या हाती आजही येते ती हीच हलकी पॉइंट २२, राष्ट्रीय छात्र सेनेच्या मैदानावर. छात्रांच्या बोलीत ती ‘पॉइंट टू टू’. खटका हाताने मागे ओढायचा, पंचवीस यार्डांवरच्या निशाणावर मोजक्या गोळ्या झाडायच्या, रिकामी काडतुसे गवतातून वेचून मोजून परत द्यायची. एकही कमी भरले तर सगळी रांग गुडघ्यांवर बसून शोधते. रायफल कोतमधून येते तिच्या क्रमांकाने. कोणाला कोणती मिळेल ते हवालदार ठरवतो.